लोखंडाले काही वाटत नाही

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, अंशू तेरा वर्षांचा झाला अन् जिमला जायचं म्हणून घर डोक्यावर घेऊन राहिला. पाठवू का? वजनं उचलली की पोरांची उंची खुंटते म्हणतात."

उत्तर मला तोंडपाठ आहे. शिकवणारा नीट असेल, वजन हलकं असेल, पोरगं जेवून-झोपून येत असेल आणि कोणाला दाखवण्यासाठी उचलत नसेल, तर काही खुंटत नाही. झोपेतून उठवून विचारलं तरी मी एवढं सांगेन. पण ज्या माणसानं मला हे शिकवलं, तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो आणि आज तो नेमकं याच्या उलट सांगतो. त्यामुळे "रविवारी ये, पाहू," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

बोरकुटे सर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. कळमेश्वरला एका कारखान्यात फिटर होते. 'सर' ही पदवी मोहल्ल्यातल्या पोरांनी दिलेली. आमच्या दोघांच्या घरात भिंत एकच. अलीकडे माझी भांड्यांची मांडणी, पलीकडे त्यांची व्यायामशाळा. व्यायामशाळा म्हणजे टिनाची शेड, सागवानी चौकटीचं एक दार, उन्हाळ्यात घरघरणारा जुना कूलर आणि भंगारातून जमवलेलं लोखंड. पोरांनी वजन खाली ठेवलं की माझ्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे. सुरुवातीला मी भांडले, मग सवय झाली, आणि पुढे तर पेले किणकिणले नाहीत की सरांना बरं नाही का, अशी शंका यायची.

माणूस अंगानं बुटका. स्कूटरवर बसले की सिग्नलला पायाचे अंगठे तेवढे जमिनीला टेकायचे. पण छाती अशी की शर्टाचं वरचं बटण कधी लागलंच नाही. शोभावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांच्याहूनही वीतभर कमी. माहेर उमरेडचं, विणकरांच्या घरातलं. दोघं बाजारात निघाले की मागून शाळेतली पोरं चालली आहेत असं वाटायचं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे. सर हसायचे. आपल्या बुटकेपणाचा त्यांनी हत्यारासारखा वापर केला होता.

कारण मोहल्ल्यातल्या आया पोरांना आत सोडायच्या नाहीत. "उंची दबते ना सर." मग सर दारात उभे राहायचे, डोक्यावर तळवा आडवा धरायचे आणि म्हणायचे, "माह्या वस्तादानं मले मिसरूड फुटून जाईपर्यंत लोखंडाले हात लावू नाही देल्ला. म्हने, दबशीन. बरं, नाही लावला. आता मले सांगा, मी काहून बुटका?" आया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पोरगं आत सोडायच्या. या एका प्रश्नावर सरांची व्यायामशाळा उभी होती.

आत आलेल्या पोराला लोखंड लगेच मिळायचं नाही. आधी बांबू मिळायचा. बांबूच्या दोन टोकांना दोन गडू टांगलेले, पाण्यानं काठोकाठ भरलेले. तो खांद्यावर घ्यायचा, बसायचं आणि उठायचं. थेंब सांडला की पुन्हा भरायचा. अंग कुठं वाकडं होतं, कोणता गुडघा आत पडतो, हे सगळं ते पाणी सांगायचं. सरांना बोलावंच लागायचं नाही. नागपूरचा मे महिना असला की पोट्टे मुद्दाम सांडायचे आणि ओले होऊन खिदळायचे. सर म्हणायचे, "सांडा बाप्पा, सांडा. पन जोवर सांडून राहिले, तोवर लोखंड नाही." डोले फुगवायला आलेली अर्धी पोरं तिथंच पळून जायची. उरलेली अर्धी मात्र मोठी होईपर्यंत हलायची नाहीत.

दारात विचारणा व्हायची. जेवला का? झोपला का? रात्री मोबाइल घेऊन जागलेल्या पोरानं त्या दिवशी नुसतं बसायचं आणि दुसऱ्यांचं मोजायचं. आणि शेवटचा नियम असा की अंगात एक उचल शिल्लक असतानाच थांबायचं. "सगळी ताकद इथं नका सांडू. घरी जाऊन मायले पान्याची बकेट उचलून द्या." त्या शेडमध्ये इतकी वर्षं इतकी कोवळी पोरं घामाघूम झाली, पण कोणाचं मनगट मुरगळल्याचं मला आठवत नाही.

एक खोड मात्र होती. कोणी वाकड्या पाठीनं ओझं उचललं की सरांना राहवायचं नाही. भाजीवाला टोपली उचलतोय, मी सिलिंडर ओढतेय, कुणाच्या लग्नात आचारी पातेलं हलवतोय, सर जिथं असतील तिथून ओरडायचे, "पाठ! पाठ!" माझे सासरे गेले तेव्हाची गोष्ट. अंगणात सगळे रडत होते. चौघं तिरडी उचलायला वाकले आणि गर्दीतून सरांचा दबका आवाज आला, "गुडघ्यातून उचला गा, गुडघ्यातून." आणि त्या चौघांनी खरंच पाठ सरळ करून, गुडघ्यातून, सासऱ्यांना उचललं. मी पदर तोंडावर घेतला. सगळ्यांना वाटलं मी रडतेय.

दसऱ्याला लोखंडाची पूजा व्हायची. डंबेलना झेंडूच्या माळा, बांबूला हळदकुंकू. पूजा झाली की सर एकेका पोराला त्या सागवानी चौकटीला टाचा लावून उभं करायचे आणि डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीनं रेघ मारायचे, शेजारी नाव. आयांना मुद्दाम बोलावलेलं असायचं. गेल्या दसऱ्याची रेघ खाली, या दसऱ्याची वर. "पाहून घ्या, दबला का वाढला?" आमच्या मोहल्ल्यातली एक पिढी त्या चौकटीवर उंच झाली.

त्यात त्यांची आचलही होती. एकुलती एक पोरगी. बारा-तेराची असताना तिनं बांबू घेतला आणि पाण्याचा थेंब सांडला नाही. पुढे लोखंड घेतलं, शाळेकडून स्पर्धा जिंकल्या. नववीत असताना तिनं जाहीर केलं, मी पोलीस होणार. सरांना वर्दीचं भारी वेड. त्यांची स्वतःची भरती उंचीपायी हुकली होती. त्यांनी टेप घेतला, चौकटीवर मुलींच्या भरतीला लागतात ते एकशे पंचावन्न सेंटिमीटर मोजले आणि ऑइलपेंटनं लाल रेघ ओढली. तेव्हापासून आचलची पेन्सिलीची रेघ त्या लाल रेघेकडे सरकताना सगळा मोहल्ला पाहायचा. कुणाच्या घरी पाहुणे आले तरी विचारायचे, "पोचली का हो सरांची पोरगी?"

मग उमरेडहून शोभावहिनींचा भाऊ एक रबरी पट्टा घेऊन आला. खाणीत कोळसा वाहून नेणाऱ्या यंत्राचा, भंगारात निघालेला, अंगठ्याएवढा जाड. सरांनी तो शेडभर अंथरला, अगदी दाराच्या चौकटीपर्यंत. वजनं पडली तरी फरशी फुटायची नाही आणि माझे पेलेही वाजायचे नाहीत. सगळे खूश. त्या दसऱ्याला पोरं पट्ट्यावर उभी राहिली, सरांनी रेघा मारल्या. आचलची रेघ लाल रेघेच्या वर गेली. सरांनी पेढे वाटले. लाल रेघ फरशीपासून मोजलेली आहे आणि पोरगी पट्ट्यावर उभी आहे, हे तिथं जमलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सगळे त्या रेघेकडे पाहत होतो. पायाकडे कोण पाहतो?

त्याच सुमारास बाहेरगावच्या एका क्रीडा वसतिगृहाकडून आचलला बोलावणं आलं. तिची उचल पाहून तिथल्या प्रशिक्षकांनी स्वतः विचारलं होतं. तिची जायची इच्छा होती. सर दोन दिवस येरझाऱ्या घालत राहिले आणि शेवटी म्हणाले, "खेळ चार दिवसाचा असते बेटा. वर्दी जन्माची." रेघ तर ओलांडलीच होती. आचलनं वसतिगृहाला नकार कळवला. लोखंड बाजूला ठेवून ती धावायला लागली, गोळा फेकायला लागली. कॉलेज नावापुरतं उरलं. भरती निघेपर्यंत तिनं दुसरं काही केलं नाही.

भरतीच्या दिवशी पहाटे सर तिला स्कूटरवर घेऊन गेले. मी ऑफिसला निघायच्या आधीच दोघं परत आले. इतक्या लवकर कसे आले, असं मी विचारणार होते, पण आचलचा चेहरा पाहून विचारलं नाही. मैदानावर आधी उंची मोजतात. अंगठ्याच्या जाडीएवढीही नाही, पण कमी भरली. धावायची पाळीच आली नाही.

संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात निकाल लागला होता. समोरच्या लांजेवार काकू ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्या तं पहिलेच म्हटलं होतं. लोखंडानं दबली पोट्टी. सख्ख्या बापानं दाबली." ज्यांची पोरं त्या चौकटीवर ताडमाड वाढली त्या आयासुद्धा माना डोलावत होत्या. मला इतका संताप आला की मी पोळ्या अर्ध्यावर टाकून बाहेर गेले आणि भांडून आले. उपयोग शून्य. आणि त्या रात्री आचलनं बापाला विचारलं, भिंतीपलीकडून मला स्वच्छ ऐकू आलं, "बाबा, मले काहून उचलू देल्लं?"

सदर बाजारात माझ्या ऑफिसजवळ एक हाडांचे डॉक्टर बसतात. मीच नंबर लावला. सर, आचल आणि मी गेलो. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळी जागा असते, तिथं जबर इजा झाली तर धोका असतो. पण नीट शिकवून, बेतानं वजन उचलल्यानं उंची थांबत नाही. तुला कधी दुखलं का, सुजलं का? आचल नाही म्हणाली. "मग वजनांचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले आणि सरांकडे पाहून हसले. "उंची आईवडिलांकडून येते. तुझी आई किती उंच आहे?"

सरांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं. त्यांचं खरं ठरलं होतं. मीही खूश झाले. आम्हा दोघा मूर्खांना कळलं नाही की आचलनं त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर तिनं घरी दिलं. शोभावहिनी ताट वाढत होत्या. आचल त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी तुह्यावर गेली." एवढंच. त्यानंतर ती आईशी बोलेनाशी झाली. आईनं केलेला डबा ओट्यावर तसाच राहायचा. बापही बुटकाच होता, पण बापानं तिच्यासाठी घाम गाळला होता; आईनं काय दिलं, तर हा बांधा. पोरीचं मन त्या वयात असं चालतं, त्याला कोण काय करणार? शोभावहिनी वाळायला लागल्या. एक दिवस दुपारी माझ्याकडे आल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, म्या पोरीची वर्दी खाल्ली." मी त्यांचा हात धरला. 

दसरा जवळ आला तसा सरांनी शेड धुवायला काढली. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. पट्टा गुंडाळून बाजूला केलेला होता. चौकटीच्या तळाशी, पट्टा जिथं टेकायचा तिथं, लाकडाची एक स्वच्छ पट्टी उरली होती, अंगठ्याएवढी. सर उकिडवे बसून तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या हातातला टेप मी घेतला आणि लाल रेघेपासून फरशीपर्यंत मोजलं. एकशे पंचावन्न. बरोबर. मग सगळं लक्षात आलं.

"सांगा ना तिले," मी म्हटलं. "लोखंडानं नाही झालं, वाढ नाही थांबली, मोजण्यात चुकलं."

"सांगतलं."

"मंग?"

"म्हनली, म्हणजे मी पहिल्यापासूनच कमी होती, अन् तुमाले दिसलं नाही. मले वसतिगृहात जाऊ तरी देल्लं असतं." सरांनी टेप परत घेऊन त्याची पट्टी बोटाला गुंडाळली. "अन् कमी काहून होती, तं पुन्हा आईवरच जाते ना ताई ते."

त्या दसऱ्याला पूजा झाली. आया जमल्या, पोरं टाचा जुळवून रांगेत उभी राहिली. सरांनी पट्टी हातात घेतली नाही. ते चौकटीपाशी उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माहं चुकलं. अठरा वर्षांपर्यंत पोरांनी लोखंडाले हात नाही लावला पायजे. माही पोरगी त्याच्यानंच दबली. उद्यापासून शेड बंद." लांजेवार काकूंनी जिंकल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. पोरं रडायला लागली. मला माझ्या कानांवर विश्वास बसेना.

बायका गेल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. हे काय बोलून राहिले तुम्ही? डॉक्टर काय म्हणाले ते विसरले? आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडले ते एका मिनिटात खोटं केलं? सर डंबेलवरच्या माळा काढत होते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर हळू आवाजात म्हणाले, "कोनावर तरी तं जाईनच ना ताई हे. लोखंडावर जाऊ द्या. लोखंडाले काही वाटत नाही."

आतल्या खोलीत शोभावहिनी होत्या. मीही एका डंबेलवरची माळ काढायला घेतली.

डॉक्टर काहीही म्हणोत, लोखंडाच्या बाबतीत आचलला बापाचाच शब्द खरा; त्या रात्री ती आईच्या शेजारी जेवायला बसली. तेव्हापासून ती आईशी बोलते, आणि बापाशी बोलत नाही. सदरला एका कापडाच्या दुकानात कामाला जाते. सरांशी काम पडलं तर आईला सांगते, आई सरांना सांगते. वहिनींच्या अंगावर थोडं मांस चढलं आहे. सरांनी जे मागितलं ते त्यांना मिळालं, असं म्हणावं लागेल.

मोहल्ल्यातल्या पोरांचं काय झालं? पोरं कशी थांबतील? चौकात आरशांची आणि गाण्यांची जिम निघाली आहे, तिथं जातात. तिथं कोणी जेवला का विचारत नाही. सरांकडे बांबू घेऊन बसणारा एक पोरगा तिथं व्हिडिओ काढण्यासाठी झेपेना एवढं वजन उचलायला गेला आणि कमरेतून बसला. अजून कमरेला पट्टा बांधून फिरतो. लांजेवार काकू म्हणाल्या, "पाह्य, सर म्हनत होते तेच खरं." मी यावर आता भांडत नाही. भांडायला माझ्या बाजूनं कोणी तरी हवं, आणि ज्यानं असायला हवं त्यानंच निशाण खाली ठेवलं.

रविवारी भाची अंशूला घेऊन आली. मी त्यांना पलीकडे घेऊन गेले. का नेलं? कदाचित परक्या पोरासमोर तरी सरांच्या तोंडून खरं निघेल, अशी वेडी आशा होती. सर अंगणात बसले होते, म्हातारे दिसले. बांबूवर वहिनींनी साड्या वाळत घातल्या होत्या. सुट्टीमुळे आचलही ओट्यावर होती, आईच्या केसांना तेल लावत होती.

भाचीनं विचारलं. सरांनी अंशूला जवळ बोलावलं, खांदे चाचपले, मनगट फिरवून पाहिलं. त्यांच्या बोटांना क्षणभर जुनी ओळख पटल्यासारखं वाटलं. "जेवतो का बरोबर?" त्यांनी विचारलं. अंशू हो म्हणाला.  वहिनी मोकळ्या केसांनी तशाच उठून पाण्याचे पेले घेऊन आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आचलचा तेलाचा हात थांबला होता.

सरांनी अंशूचं मनगट सोडलं. "अठरा झाले की पाहा," ते म्हणाले. "आता नको. उंची दबते."

"पाहिलं ना मावशी," भाची म्हणाली, "मी म्हणतच होते."

निघताना फाटकापाशी अंशू थांबला. शेडमधली वजनाची एक लोखंडी थाळी सरांनी फाटक वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकवून ठेवली आहे. पोरगंच ते, त्यानं दोन्ही हात घातले आणि ती उचलायला गेला, गुडघे ताठ, पाठ कमानीसारखी वाकवून. सर खुर्चीतून अर्धे उठले. हात पुढे आला, तोंड उघडलं. मग त्यांनी ओट्याकडे पाहिलं, जिथं आचल पुन्हा आईच्या केसांत बोटं फिरवत होती, आणि ते खाली बसले.

थाळी अंशूच्या हातून सुटली. भिंतीपलीकडे माझे पेले किणकिणले.